वाचकांचे प्रश्न : जीएनएमची वॉर्ड ड्यूटी आणि कोकणचा पावसाळा

प्रश्न : आमच्या जीएनएमच्या (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी पदविकेच्या) विद्यार्थिनींना मेडिकल वॉर्डची ड्यूटी जानेवारी-फेब्रुवारीत येते. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाणी-चिखलातून होणारा ताप), सर्पदंश त्या फक्त पुस्तकात वाचतात आणि नोकरीतल्या पहिल्याच पावसाळ्यात गांगरून जातात. अभ्यासक्रम तर भारतीय परिचर्या परिषदेचा. त्यात आम्ही काय करू शकतो?
– एक पाठ्यनिर्देशिका (नर्सिंगच्या शिक्षिका), सिंधुदुर्ग

उत्तर : विषय आणि किमान तास परिषद ठरवते, त्यांना हात लावू नका. पण कोणती तुकडी कोणत्या महिन्यात कुठल्या वॉर्डात असेल, ते मास्टर रोटेशन प्लॅनमध्ये ठरतं आणि तो तुम्हीच आखता. बरेचदा गेल्या वर्षीचा प्लॅन तारखा बदलून तसाच पुढे चालवला जातो. खरी अडचण तिथे आहे.

आधी रुग्णालयाच्या आंतररुग्ण नोंदवहीतून मागच्या दोन वर्षांचे आजार महिनावार मांडा. भातलावणीच्या चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोची लागण झाली, तरी ताप साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो. म्हणून जूनच्या सुरुवातीला पाठवलेल्या तुकडीच्या वाट्याला हे रुग्ण फारसे येत नाहीत. ४० विद्यार्थिनी असतील तर १०-१० च्या चार तुकड्या करा आणि १ जुलैपासून एकामागून एक प्रत्येक तुकडीला चार-चार आठवडे मेडिकल वॉर्ड व अपघात विभाग द्या. २० ऑक्टोबरपर्यंत चारही तुकड्यांचा नंबर लागून जातो. बालरोग, शस्त्रक्रिया, समुदाय आरोग्य हे तास उरलेल्या तुकड्यांकडून त्याच काळात भरून निघतात.

वॉर्डात पाठवण्याआधी कौशल्य कक्षात सराव हवाच. आणि उद्दिष्ट लिहिताना ‘सर्पदंशाची काळजी समजणे’ असं लिहू नका, ते तपासता येत नाही. ‘२० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी स्वतः करणे’ असं लिहा. शिरेतलं २ मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच कलती करून पाहायचं. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल, तर निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही आणि निदान चुकतं. घोणस, फुरसं यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, म्हणून त्यांच्या दंशात ही चाचणी उपयोगी. मण्यार किंवा नाग चावला तर रक्त व्यवस्थित गोठतं. तिथे पापण्या जड होणं, गिळायला त्रास, श्वास उथळ होणं यांवर नजर ठेवायला शिकवा. प्रतिसर्पविषाची कुपी विरघळवताना जोरात हलवली तर फेस होतो, म्हणून ती हलकेच फिरवायची. या औषधाची तीव्र ॲलर्जी आली तर द्यायचं ॲड्रेनालिन आधीच भरून हाताशी ठेवायचं.

लेप्टोत मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तिथे भर तासागणिक लघवी मोजण्यावर द्या. ५० किलोच्या रुग्णाला तासाला २५ मिलीहून कमी झाली, तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. थुंकीत रक्त दिसलं किंवा श्वास वाढला तरीही तसंच.

प्रश्न : विद्यार्थिनींच्या कार्यपद्धती नोंदवहीत (केलेल्या कामांच्या वहीत) सगळ्या सह्या असतात, तरी हातात कसब नसतं. असं का होतं?
– परिसेविका (वॉर्डच्या प्रमुख परिचारिका), रत्नागिरी

उत्तर : सह्या महिनाअखेरीस एकत्र होतात म्हणून. नोंदवहीत ‘पाहिलं’, ‘मदत केली’, ‘स्वतः केलं’ असे तीन रकाने करा. सही त्याच पाळीत व्हावी, शेजारी रुग्णाचा नोंदणी क्रमांक असावा; नाव लिहू नये. तिसऱ्या रकान्यात सही नसेल, तर त्या कौशल्याचे गुण देऊ नका.