वैद्यकीय महाविद्यालयात चांगलं शिकवायला आणि शिकवण्यावर संशोधन करायला कसं शिकायचं?

तुम्ही लिहिलंय की एमडी करून नुकत्याच सहायक प्राध्यापक झालात, मेडिकल एज्युकेशनचा तीन दिवसांचा बेसिक कोर्सही केलात, तरी वर्गात फरक पडल्यासारखा वाटत नाही. शिवाय शिक्षणावर संशोधन करायचंय, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. मी बालरोग विभागात शिकवतो आणि आमच्या महाविद्यालयाच्या मेडिकल एज्युकेशन युनिटमध्येही काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राष्ट्रीय नियमांनुसार सहयोगी प्राध्यापकपदासाठी हा कोर्स आवश्यक आहे, त्यामुळे बरेच जण प्रमाणपत्रापुरते येऊन जातात. पण त्यातलं मायक्रोटीचिंगचं सत्र मला फार मोलाचं वाटतं. काही मिनिटं शिकवायचं, समोर सहकारी बसलेले, आणि संपल्यावर त्यांनी काय कळलं, कुठे धागा सुटला ते सांगायचं. आपल्या पेशात एरवी सगळं असंच तपासलं जातं. रुग्ण दगावला तर मॉर्टॅलिटी मीटिंगमध्ये एकेका निर्णयाचा जाब द्यावा लागतो, राउंडला रेसिडेंटची प्रत्येक ऑर्डर पाहिली जाते. शिकवणं मात्र बंद दाराआड चालतं. वीस-वीस वर्षं शिकवणाऱ्यांचं एकही लेक्चर सहकाऱ्याने मागच्या बाकावर बसून ऐकलेलं नसतं. शिक्षक म्हणून वाढायचं असेल तर ही नजर कायमची सोबत घ्यावी लागते, आणि शैक्षणिक संशोधनाचीही तीच पूर्वतयारी आहे, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून पहिलं काम: विश्वासातला एक सहकारी निवडा, शक्यतो दुसऱ्या विभागातला. महिन्यातून एकदा त्याने तुमचं क्लिनिक (वॉर्डात रुग्णासमोर शिकवायचा तास) पाहावं, एकदा तुम्ही त्याचं. बघताना शिक्षकापेक्षा विद्यार्थ्यांकडे जास्त लक्ष द्यायला सांगा. कोण बोललं, कोण अर्धा तास गप्प होतं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती सेकंद थांबला. आपल्यापैकी बहुतेकांना उत्तराची वाट पाहताच येत नाही.

ओपीडीत वेळ नसतो, हे खरंच आहे. त्यासाठी ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ ही पद्धत जरूर शिका. अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी ती 1992 मध्ये मांडली, पण आपल्या गर्दीत ती चपखल बसते. समजा, इंटर्न चार वर्षांच्या मुलाची केस सांगतोय: ताप, खोकला. एरवी आपण मध्येच तोडून निदान सांगून मोकळे होतो. इथे आधी विचारायचं, ‘तुला काय वाटतं?’ त्याने न्यूमोनिया म्हटलं की, ‘कशावरून?’ मग कळतं की त्याने श्वास मोजलेलेच नाहीत, नुसतं छातीकडे पाहिलंय. तिथे एकच नियम सांगायचा: एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद श्वसन, आणि मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचं. मग जे बरोबर केलं ते नेमकं सांगायचं (‘पाणी पितोय का हे तू आईला विचारलंस, ते महत्त्वाचं होतं’), आणि काय सुधारायचं तेही. लेक्चरच्या दहा स्लाइड त्याच्या लक्षात राहणार नाहीत, हे राहतं. आणि ‘कशावरून?’ हे मराठीतच विचारा. मराठी माध्यमातून आलेली कितीतरी मुलं वॉर्डात गप्प असतात ती इंग्रजीच्या धास्तीने. विचार त्यांच्या डोक्यात असतो.

मूल्यमापनाबद्दल थोडक्यात. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांचा 1990 चा पिरॅमिड तुम्ही कोर्समध्ये पाहिला असेल: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्ष कामात करतो. 2019 पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित (विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येतं ते पाहणारा) अभ्यासक्रम आला, त्याचा सगळा भर वरच्या दोन पायऱ्यांवर आहे. लॉगबुकवर (विद्यार्थ्याच्या कामांच्या नोंदवहीवर) सही करताना आपण स्वतः त्या विद्यार्थ्याला ते करताना पाहिलंय का, एवढं एक पथ्य पाळलं तरी फार मोठं काम होईल.

आता संशोधन. आपल्याकडचे बहुतेक शैक्षणिक पेपर एकाच साच्यातले असतात: नवी पद्धत वापरली, त्याच दिवशी प्री-टेस्ट आणि पोस्ट-टेस्ट घेतली, मार्क वाढले, 90 टक्के विद्यार्थ्यांना आवडलं. तासाभरापूर्वी शिकवलेल्यावर मार्क वाढणारच. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षण जोखायच्या चार पातळ्या सांगितल्या: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, आणि शेवटी कामावर परिणाम झाला का. हे पेपर पहिल्या दोनवरच थांबतात.

त्यापेक्षा स्वतःच्या वॉर्डात रोज खटकणारी गोष्ट घ्या. उदाहरणार्थ, रात्री सिरियस बाळाबद्दल फोन करताना इंटर्न काय सांगायचं विसरतात? आधी महिनाभर फोन घेणाऱ्या रेसिडेंटला चेकलिस्ट भरायला द्या. मग इंटर्नना निरोप देण्याची ठरावीक पद्धत शिकवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. कोणी प्रशिक्षण घेतलंय हे चेकलिस्ट भरणाऱ्याला माहीत नसेल तर उत्तम. त्यानंतर इंटर्नशी बसून बोला. कदाचित कळेल की त्यांना माहिती असते, पण रात्री तीनला सरांना उठवायची भीती वाटते. हे कुठल्याही पी-व्हॅल्यूत, म्हणजे संख्याशास्त्राच्या आकड्यात, सापडणार नाही. मुलाखती आणि गटचर्चा रीतसर कशा करायच्या हे शिक्षणशास्त्र किंवा समाजशास्त्रातल्या माणसाकडून शिका. सक्तीचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्स यासाठी पुरत नाही.

एथिक्स कमिटीची परवानगी विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासालाही लागते. मार्क तुमच्या हातात आहेत, म्हणून संमती तुम्ही स्वतः घेऊ नका; ज्याचा त्यांच्या परीक्षेशी संबंध नाही अशा सहकाऱ्याला घेऊ द्या. तुलनेसाठी प्रशिक्षण न दिलेला गट ठेवलात, तर त्यालाही नंतर तेच प्रशिक्षण मिळालं पाहिजे.

पुढे जायचं असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा अ‍ॅडव्हान्स कोर्स आहे. दुसरी वाट फायमर या वैद्यकीय शिक्षणासाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या फेलोशिपची: मुंबईत सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएमचं केंद्र 2005 मध्ये सुरू झालं, नंतर लुधियानाचं सीएमसी आणि कोइमतूरचं पीएसजी या वैद्यकीय महाविद्यालयांतली केंद्रं. कार्यक्रम दोन वर्षांचा, नोकरी सांभाळून करायचा. स्वतःच्या संस्थेतला एक प्रकल्प घेऊन जावं लागतं, त्यावर मार्गदर्शक आणि इतर फेलो सतत प्रश्न विचारत राहतात. मला त्याचं सगळ्यात मोठं बळ इथेच दिसतं. मात्र अर्ज करण्याआधी डीनशी बोला, कारण संस्थेचा पाठिंबा लागतो.

पहिल्या अभ्यासाचा पेपर लगेच जर्नलला पाठवायची घाई करू नका. हेल्थ प्रोफेशन्स एज्युकेशनची राष्ट्रीय परिषद भरते, तिथे आधी पोस्टर लावा. तिथे नर्सिंग, दंतवैद्यक, फिजिओथेरपीचेही शिक्षक येतात, आणि वॉर्डातल्या शिकवण्याबद्दल सर्वांत नेमके प्रश्न मला अनेकदा नर्सिंगच्या शिक्षिकांकडून ऐकायला मिळाले आहेत.