जॉन हाउलंडची पत्नी गव्हर्नर कार्व्हर यांची मुलगी होती का?

आपल्या जावयांच्या अमेरिकन घराण्याच्या जुन्या वहीत मूळ पुरुष म्हणून १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजाने इंग्लंडहून अमेरिकेतील प्लिमथला (आजच्या मॅसॅच्युसेट्समध्ये) आलेल्या जॉन हाउलंडचे नाव आहे आणि त्याची पत्नी त्या वसाहतीचे पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांची मुलगी होती असे लिहिले आहे. ते खरे मानावे का, असा आपला प्रश्न आहे. पत्नीविषयीची ती नोंद चुकीची आहे. मात्र तेवढ्यावरून अख्खी वही बाजूला सारू नये, कारण एके काळी ही समजूत इतकी पक्की होती की प्लिमथच्या बरियल हिल या जुन्या दफनभूमीतील हाउलंडच्या स्मारकशिलेवरही तसेच कोरलेले होते.

हाउलंड हा कार्व्हर यांचा नोकर म्हणून जहाजावर चढला होता. वाटेत वादळात तो समुद्रात फेकला गेला, पण बाहेर लोंबकळणारा शिडाचा दोर त्याच्या हाती लागला; पाण्याखाली जाऊनही त्याने तो सोडला नाही आणि खलाशांनी त्याला आकडीने वर ओढून घेतले. पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मे प्रवासी दगावले. त्यांत जॉन टिली आणि त्यांची पत्नी जोन होती, आणि त्यांची किशोरवयीन मुलगी एलिझाबेथ पोरकी झाली. १६२१ च्या वसंतात कार्व्हर पतिपत्नीही गेली. पुढे हाउलंडने लग्न केले ते या एलिझाबेथ टिलीशी.

हे निश्चित कळले ते कार्व्हर यांच्यानंतरचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाच्या हस्तलिखितामुळे. बॉस्टनमधून नाहीसे झालेले हे बाड १८५५ साली लंडनच्या बिशपांच्या फुलम येथील ग्रंथालयात सापडले आणि पुढच्याच वर्षी छापले गेले. त्यातील प्रवाशांच्या यादीत कार्व्हर यांच्या कुटुंबात मुलीचे नाव नाही. उलट, हाउलंडने जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केले, दोघे हयात आहेत, दहाही मुले जिवंत आहेत, थोरलीला चार व दुसरीला एक अपत्य आहे, म्हणजे दोघांचा वंश पंधरा जणांचा झाला, असा हिशेबच ब्रॅडफर्ड यांनी मांडला आहे. यापेक्षा स्वच्छ पुरावा त्या काळातील फार थोड्या घराण्यांना लाभला असेल. बरियल हिलवरची शिला १८९७ साली बदलण्यात आली. छापील वंशावळींतली आणि घरोघरच्या वह्यांतली चूक मात्र पुढे तशीच उतरवली जात राहिली. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांतही मूळ पुरुषाला एखाद्या सरदाराचा जावई करण्याचा मोह दिसतोच.

माझ्या मते आपल्याला खरी काळजी दुसऱ्याच बाबीची घ्यावी लागेल. जॉनचे आर्थर आणि हेन्री हे दोन भाऊही नंतर प्लिमथ वसाहतीत येऊन स्थायिक झाले, आणि आजचे कितीतरी हाउलंड त्यांचे वंशज आहेत. म्हणून आडनाव जुळले एवढ्यावर ‘मेफ्लॉवर’शी नाते सिद्ध होत नाही. याउलट जॉनच्या मुलींच्या शाखा गोरहॅम, चिपमन अशा आडनावांनी वाढल्या. त्यामुळे जावयांची शाखा दहापैकी कोणत्या अपत्याची आहे, हे आधी ठरवावे.

तारखा उतरवून घेताना एक पथ्य पाळावे. तेव्हा इंग्लंडात आणि तिच्या वसाहतींत नवे वर्ष २५ मार्चला लागत असे. १ जानेवारीची पद्धत १७५२ साली आली. म्हणून हाउलंडच्या मृत्यूची तारीख २३ फेब्रुवारी १६७२/३ (जुन्या पद्धतीने १६७२, आजच्या पद्धतीने १६७३) अशी लिहितात, आणि वहीत नुसते १६७२ असल्यास ती चूक समजू नये.

पहिल्या पाच पिढ्यांचे काम ‘मेफ्लॉवर’ वंशजांच्या संस्थेने कागदपत्रांसह प्रसिद्ध केलेले आहे, तेव्हा तिथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यव्यापी जन्म-मृत्यू नोंदणी १८४१ पासून असल्याने शाखा तिथेच राहिली असेल तर अलीकडची बाजूही सहसा जुळते. साखळी तुटते ती मधल्या साठ-सत्तर वर्षांत. १८५० पूर्वीच्या जनगणनेत घरातील फक्त कर्त्या व्यक्तीचे नाव असते, आणि याच काळात अनेक कुटुंबे न्यूयॉर्क, ओहायो अशा पश्चिमेकडच्या मुलखांत गेली. त्या टप्प्यासाठी मृत्युपत्रे, वारसांतील वाटणीचे कागद आणि जमिनीची खरेदीखते संबंधित काउंटीच्या दप्तरातून मिळवावीत. ज्या कागदात मुलाचे वा मुलीचे नाव वडिलांच्या नावासह आले असेल, तोच दोन पिढ्यांतला दुवा म्हणून धरावा.