चाळीस पट म्हणजे किती, ते आधी मांड

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि सोबतचे फोटो पाहिले. उत्तर मोबाइलवर बोटाने लिहिण्याइतकं लहान नाही, म्हणून कागदावर लिहितोय. तू ऑनलाइन कॅसिनोच्या साइटवर २,००० रुपये भरलेस, त्यांनी वर २,००० बोनस दिला, खेळता खेळता खात्यात ४,६०० दिसायला लागले, आणि काढायला गेलास तर 'वेजरिंग बाकी' (म्हणजे डाव लावणं बाकी) असं आलं. आता तुझं म्हणणं असं की, काका, अटी नीट समजावून सांगा, म्हणजे मी त्या पूर्ण करतो आणि पैसे काढून मोकळा होतो.

समजावतो. 'असल्या भानगडीत पडू नकोस' एवढंच लिहून पाकीट बंद केलं असतं, तर तू मान डोलावली असतीस आणि रात्री जेवण झाल्यावर पुन्हा तेच उघडलं असतंस. तू माझ्याकडे टॅली शिकलास, ताळेबंद तुला कळतो. तेव्हा हिशेबानेच बोलू.

बोनसखाली '४० पट' लिहिलंय. बऱ्याच पोरांना वाटतं की एवढे पैसे जिंकायचे आहेत. तसं नाही, एवढ्या रकमेचे डाव लावायचे आहेत. हरलास तरी तो डाव धरतात, जिंकलास तरी धरतात. आपल्या भाषेत ही उलाढाल. नुसत्या बोनसवर ४० पट असते, तर २,००० गुणिले ४०, म्हणजे ८०,००० झाले असते. पण तू पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत 'ठेव अधिक बोनस' असं आहे. म्हणजे ४,००० गुणिले ४०. एक लाख साठ हजार रुपये. जाहिरातीत दोन्हीकडे '४० पट' हेच लिहितात. ते कशाच्या चाळीस पट, हे खालच्या ओळीत असतं, आणि त्या ओळीने तुझं काम दुप्पट केलं.

'पण तेच पैसे फिरवायचे आहेत ना, खिशातून थोडेच जाणार आहेत?' हा तुझा पुढचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय. फिरवताना गळती होते. स्लॉटच्या, म्हणजे चाकं फिरवून चित्रं जुळवायच्या खेळावर 'आरटीपी ९६ टक्के' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, लावलेल्या दर १०० रुपयांतले सरासरी ९६ खेळणाऱ्यांकडे परत येतात आणि ४ कंपनीकडे राहतात. ही गळती तू भरलेल्या रकमेवर लागत नाही, प्रत्येक डावावर लागते. तेच १०० रुपये दहा वेळा फिरवलेस, तर गळतीही दहा वेळा. १,६०,००० वर ४ टक्के म्हणजे ६,४००. दोन हजारांचा बोनस सोडवायला सहा हजार चारशेची गळती.

किती डाव झाले ते दाखवणाऱ्या तुझ्या स्क्रीनवरच्या पट्टीवर २० टक्के काम झालंय. म्हणजे ३२,००० चे डाव झाले, १,२८,००० चे बाकी. त्यावर ४ टक्के, ५,१२०. खात्यात आहेत ४,६००. हा हिशेब मी मुद्दाम कागदावर उभा मांडलाय, तूही मांडून बघ. सरासरी नशीब असेल, तर शेवटच्या डावापर्यंत पोचायच्या आधीच खातं रिकामं होईल. मग तिथे एक बटण येतं, 'पुन्हा भरा'.

आता सरासरी म्हणजे काही प्रत्येकाचं नशीब नव्हे, हे खरं. स्लॉटमध्ये चढउतार मोठे असतात. शंभरातले काही जण अटी पूर्ण करून पैसे काढतातही, आणि नवी पेठेतल्या चहाच्या टपरीवर स्क्रीनशॉट दाखवणारा तुझा मित्र त्यातलाच असेल. बाकीचे कोणी स्क्रीनशॉट काढत नाहीत. रिकाम्या खात्याचा फोटो कोण काढतो?

एक सोपं सूत्र सांगतो. बोनसच्या किती पट उलाढाल आहे ते काढ आणि कंपनीच्या टक्क्याने गुण. उत्तर १०० च्या वर गेलं, की बोनस स्वतः तर जातोच, जाताना तुझी ठेवही नेतो. तुझ्या बाबतीत ठेव धरल्यामुळे बोनसवर ८० पट पडतात. ८० गुणिले ४, ३२०. चार टक्क्यांच्या खेळाला २५ पटीला हिशेब बरोबरीत येतो, त्याच्या वर सगळा तोटा. एवढं एक सूत्र वापरलंस, तरी निम्म्या जाहिराती तुझ्या तूच पुसून टाकशील. त्यातही ९६ हा आकडा खरा धरून चाललोय आपण. एकच खेळ वेगवेगळ्या आरटीपीच्या आवृत्त्यांत कंपन्यांना विकला जातो. तुझ्या साइटवर कुठली आहे, ते तुला बाहेरून तपासता येत नाही.

तू हुशार आहेस, म्हणून तुझ्या डोक्यात पुढची युक्ती आली असणारच: स्लॉट सोडून गळती कमी असलेला खेळ धरायचा. रूलेट म्हणजे फिरत्या चक्रात गोळी टाकायचा खेळ; त्याच्या एका शून्याच्या चक्रात ३७ घरं असतात. एका घरावर लावलं आणि लागलं, तर एकाला पस्तीस मिळतात, म्हणजे कंपनीचा वाटा २.७ टक्के. ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ अगदी पुस्तकाप्रमाणे खेळलास, तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. युक्ती बरोबर आहे, फक्त ती कंपनीला तुझ्याआधी सुचलेली आहे. अटींत एक तक्ता असतो: कुठल्या खेळाचा किती भाग मोजला जाईल. स्लॉट १०० टक्के, रूलेट आणि ब्लॅकजॅक बहुतेकदा १० किंवा त्याहून कमी, काही ठिकाणी शून्य.

तुझ्या घरात हे वेगळं सांगायला नको. आई विड्या वळून कारखान्यात नेते, तिथे मोजून घेताना छाट काढतात, आणि छाटलेल्या विड्यांची मजुरी मिळत नाही. पान गेलं, तंबाखू गेली, वेळ गेला. इथे तू रूलेटवर १०० लावलेस, की ९० छाट. बाकीचे १,२८,००० तिथे भागवायचे, तर १२,८०,००० चे डाव लावावे लागतील आणि त्यावर २.७ टक्के म्हणजे ३४,५६०. ब्लॅकजॅकवर अर्धा टक्का धरला, तरी ६,४००, म्हणजे खात्यातल्या रकमेपेक्षा जास्तच. तक्ता बनवणाऱ्याने कुठलंही दार उघडं ठेवलेलं नाही. लाल आणि काळं, दोन्हींवर एकदम लावून उलाढाल भागवायची म्हणशील, तर त्याला अटींत 'अनियमित खेळ' म्हणतात. तेवढ्या कारणावर सगळी रक्कम जप्त करायचा हक्क ते स्वतःकडे ठेवतात. शिवाय शून्य आलं की दोन्ही बाजू जातातच.

बाकीच्या अटी भराभर सांगतो. बोनस चालू असताना एका डावाची कमाल रक्कम ठरलेली असते. एकदा चुकून जास्त लावलंस, तर तेवढं निमित्त पुरतं. मुदत असते, तुझी सात दिवसांची आहे. फ्री स्पिनमधून, म्हणजे स्लॉटच्या फुकट फेऱ्यांतून आलेले पैसे रोख नसतात, ते पुन्हा बोनस म्हणून जमा होतात आणि त्यांना वेगळी पट लागते. ठेव न भरता मिळणाऱ्या बोनसमधून कितीही जिंकलास, तरी काढायची कमाल मर्यादा असते. काही बोनस तर कधीच काढता येत नाहीत, पैसे काढताना तेवढी रक्कम वजा होते. आणि केवायसी. भरताना कोणी आधार विचारत नाही, काढताना विचारतात, मग फोटो अंधुक आहे म्हणून परत पाठवतात. तोवर 'काढण्याची विनंती रद्द करा' हे बटण चालूच असतं, आणि बरेच जण रात्री ते दाबतात.

या सगळ्यांत मला सर्वांत घातक वाटते ती अट नाहीच, ती पट्टी. २० टक्के झाले, २१ झाले. बाकी राहिलेले डाव २० रुपयांनी लावलेस, तर ते ६,४०० होतात. पाच सेकंदाला एक धरला, तर जवळजवळ नऊ तास. सात दिवसांत नऊ तास म्हणजे ड्युटीवरून आल्यावर रोज सव्वा तास. एवढ्या वेळात हाताला सवय लागते, मग बोनस संपला तरी हात थांबत नाही. कंपनीने २,००० रुपये तुला दिले असं तू समजतोस. माझ्या मते तिने त्या रकमेत तुझा आठवडा घेतला, आणि पुढचे आठवडे तिला फुकट मिळण्याची शक्यता बरीच आहे. आमच्या वेळचा मटका वाईटच होता, पण त्याचा हिशेब उघडा होता. दहातला एक आकडा, लागला तर रुपयाला नऊ. अशिक्षित माणसालाही कळायचं की दहावा रुपया कुठे जातो. इथे तो रुपया चार पानांच्या अटींत लपवलाय.

परदेशात सरकारांनी याला लगाम घातलाय. ब्रिटनच्या जुगार आयोगाने जानेवारी २०२६ पासून ही पट जास्तीत जास्त १० वर आणली. आपल्या सूत्रात घाल: १० गुणिले ४, ४०. म्हणजे शंभराच्या बोनसातले सरासरी साठ तरी उरतात. स्वीडनने २०१९ पासून बोनस फक्त पहिल्या वेळी द्यायची मुभा ठेवली, पुढची सगळी आमिषं बंद. हे तुला एवढ्यासाठी सांगतोय की तिथे अट मोडली, तर परवाना काढून घेणारा कोणीतरी आहे.

तुझ्या साइटच्या तळाला कुरासाओचा परवाना लिहिलाय. ते कॅरिबियन समुद्रातलं बेट आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात डिस्पॅच बघणाऱ्या पोराने तिथे काय आणि कशी तक्रार करायची? आपल्याकडे तर मुळातच हा धंदा बंद आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेदच त्यात ठेवलेला नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं, पन्नास लाख. त्यानंतर देशातल्या नावाजलेल्या अ‍ॅपनी पैशांचे खेळ थांबवले. मागे उरल्या त्या बाहेरच्या साइट, ज्यांचा पत्ता दर महिन्याला बदलतो. (आपल्या राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. एवढी वर्षं तो कागदावर कशाला ठेवला, हे मला अजून कळलेलं नाही.) नुसतं खेळणाऱ्याला या नव्या कायद्यात शिक्षा नाही. पण तू ५०० रुपयांच्या आशेने कारखान्याच्या ग्रुपवर जी रेफरल लिंक टाकलीस, ती मला जाहिरातच दिसते. आजच काढ.

आता मुख्य काळजीचं. तू पैसे भरलेस तो क्यूआर कोणाच्या नावाचा होता, पाहिलंस? तुझ्या फोटोत एका बाईचं नाव आहे, आणि पुढच्या वेळी दुसरंच असेल. ही भाड्याने घेतलेली खाती. त्यांतल्या एखाद्यावर कुठल्या तरी राज्यात सायबर गुन्हा नोंदला जातो, आणि त्या खात्यातून ज्यांना ज्यांना पैसे गेले, त्यांची खाती गोठतात. समज, तुझं नशीब जोरात आहे आणि ४,६०० तुला मिळालेच, तर ते अशाच खात्यातून येतील. मग ज्या खात्यात तुझा पगार येतो, तेच बंद पडेल, आणि ते सोडवायला परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसशील. टेलिग्रामवरचा तो 'आयडी', म्हणजे साइटवरचं खेळायचं खातं, देणारा उद्या तुला म्हणेल की तुझं खातं आम्हाला भाड्याने दे, महिन्याला अमुक देतो. त्याला उत्तरसुद्धा देऊ नकोस. तिथे तू फसलेला राहत नाहीस, आरोपी होतोस.

तेव्हा ते ४,६०० माझ्या वहीत मी शून्य धरलेत. तुझे स्वतःचे गेलेले २,००० आहेत, तेवढेच. काढायचा एक प्रयत्न करावासा वाटला, तरी नवा रुपया भरायचा नाही आणि आधार-पॅनचे फोटो पाठवायचे नाहीत. 'आधी ३० टक्के कर भरा, मग रक्कम सुटेल' असा फोन किंवा मेसेज येईल, जवळजवळ नक्की येईल. ऑनलाइन खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस आहे हे खरं, पण तो देणारा कापून उरलेले देतो. घेणाऱ्याकडून आधी मागून घेत नाही. मागितले, की सगळ्या चॅटचे, क्यूआरचे, यूटीआर नंबरचे (बँकेच्या व्यवहार क्रमांकाचे) फोटो ठेव आणि १९३० वर फोन कर. उशीर करू नकोस, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला कळलं तरच काही हाती लागतं.

एपीके फाइल टाकून घेतलेलं अ‍ॅप मोबाइलवरून काढ. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमधून कमी करता येते, ती डब्याच्या आणि रिक्षाच्या खर्चापुरती ठेव. आणि रात्री खरंच हात थांबत नसेल, तर ते लपवू नकोस. १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट तू मेसेजमध्ये लिहिली नाहीस, पण मला शंका आहे. आईच्या भिशीचे पैसे या महिन्यात तुझ्याकडे भरायला दिलेले असणार. ते दोन हजार त्यातलेच असतील, तर तिला दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत तूच सांग. कमी पडत असतील, तर मी देतो. पण ते उसने, आणि वहीत तुझ्या हाताने लिहून.

रविवारी सकाळी मी घरीच आहे. येताना तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट छापून आण, मोबाइलवर दाखवू नकोस.

तुझा,
काका