आजीला ‘तू’, आजोबांना ‘तुम्ही’

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

फोन ठेवल्यावर तू विचारलंस, “तू आजीला ‘तू’ म्हणतेस आणि आजोबांना ‘तुम्ही’. आजीला मान कमी का? आणि आजी आजोबांना नुसतं ‘अहो’ का म्हणते? त्यांना नाव नाही का?” हे निवांत सांगायला हवं, म्हणून लिहिते.

आजीचा मान कमी नाही. मराठी घरांत आईला बहुतेक ‘तू’च म्हणतात. देवालाही. तुकाराम महाराज विठ्ठलाशी भांडतात तेसुद्धा एकेरीवर येऊन, आणि आपण मात्र तुकाराम महाराजांविषयी बोलताना ‘ते म्हणतात’ असं म्हणतो. ज्याच्यावर हक्काने रुसता येतं, त्याला ‘तू’. वडिलांशी तेवढी सलगी पूर्वी पुष्कळ घरांत नसायची, म्हणून ‘अहो बाबा’. तू तुझ्या बाबाला ‘अरे बाबा’ म्हणतेस, त्यात त्याला काही कमी वाटत नाही.

‘अहो’ची गोष्ट वेगळी आहे. आजी ‘अहो’ म्हणते आणि आजोबा ‘अगं’ म्हणतात, यात बरोबरी नाही, हे तू अचूक हेरलंस. आजीच्या पिढीत बाईने नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही असा रिवाज होता. घ्यायचंच तर उखाण्यात, चार बायकांनी आग्रह केल्यावर. आणि तिचं स्वतःचं नाव? लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हापासून ती सासरची झाली. तिची भावंडं तिला वेगळ्याच नावाने हाक मारतात, ते तिचं माहेरचं नाव. मला लग्नात नाव बदलायचं का असं विचारलं, तेव्हा मी नको म्हटलं. मला हा रिवाज कधीच आवडला नाही.

तुझ्या नावामागे बाबाचं नाव लागतं ते याच रीतीने: आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. महाराष्ट्र सरकारने आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावायचं ठरवलं आहे. हे आपल्याकडे अगदीच नवं नाही. सुमारे 1900 वर्षांपूर्वी महाराष्ट्रात राज्य करणारा सातवाहन राजा स्वतःला गौतमीपुत्र म्हणवत असे, आणि त्याची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख नाशिकच्या लेण्यांत आजही आहे. पुढच्या सुट्टीत दाखवीन.

इथे स्वीडनमध्ये तू शाळेत टीचरना नावाने हाक मारतेस. पण तुझ्या मैत्रिणींच्या आजी-आजोबांच्या लहानपणी इथेही तसं नव्हतं. समोर बसलेल्या डॉक्टरलाच ‘डॉक्टर कॉफी घेणार का?’ असं विचारायचे, जसं आपल्याकडे ‘रावसाहेबांनी चहा घेतला का?’ म्हणत. हुद्दा माहीत नसला की बोलायची पंचाईत. 1967 मध्ये इथल्या आरोग्य खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी आपण सगळ्या कर्मचाऱ्यांना ‘दू’, म्हणजे आपलं ‘तू’, म्हणणार असं जाहीर केलं, आणि बघता बघता राजघराणं सोडून सगळा देश ‘दू’वर आला.

स्वीडनने सगळ्यांना ‘तू’वर आणलं. मराठीत आपण उलट्या बाजूने जावं असं मला मनापासून वाटतं. ‘तुम्ही’ राहू दे, पण ते सगळ्यांच्या वाट्याला यावं. आजवर ते आलेलं नाही. गावात ज्यांना जातीने खालचं मानलं, त्यांतल्या पांढऱ्या केसांच्या माणसालाही पाटलाचं पोर ‘अरे’ म्हणायचं, त्याचं धड नाव तोडून हाक मारायचं. सावित्रीबाई, बाबासाहेब यांचा कुणी एकेरी उल्लेख केला की लोकांना इतकं का लागतं, ते यावरून तुला कळेल. वारीत मात्र लहानथोर सगळे एकमेकांना ‘माउली’ म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. पंढरपूरच्या वाटेवर जे जमतं, ते घराच्या दारात आलं की विसरतं.

शहरातसुद्धा ऐक. शाळेतल्या शिक्षिकेबद्दल मुलं म्हणतात ‘बाई आल्या’. भांडी घासायला येणाऱ्या बाईबद्दल घरातले म्हणतात ‘बाई आली’. ती शिक्षिकेपेक्षा वयाने मोठी असली तरी.

तर दिवाळीत पुण्याला गेलो की रिक्षावाले काका, वॉचमन काका, सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हण. आजीकडे पोळ्या करायला मावशी येतात, त्यांनाही, आणि त्या आत आल्या की आजीला ओरडून सांग, ‘मावशी आल्या’. त्या स्वतःहून ‘अगं, मला तू म्हण’ म्हणाल्या, तर मग खुशाल म्हण.

तुझी,
आई