वर्ल्ड सॅक्सोफोन क्वार्टेटने मागे नेमकं काय ठेवलं?

तुमचा प्रश्न असा आहे की, चार सॅक्सोफोन घेऊन ड्रम, बास, पियानो काहीच न ठेवता वाजवणं हा एक प्रयोग झाला, पण जॅझवाले त्याला इतकं मोठं का मानतात, आणि आज त्यातलं काय शिल्लक आहे?

आधी एक सांगतो. मी वाजवणारा नाही, नुसता ऐकणारा. पण या क्वार्टेटचं, म्हणजे चौघांच्या गटाचं, बरंच ऐकलंय, आणि माझं मत असं की त्यांनी तालाची वाद्यं काढून टाकली हे म्हणणंच अर्धवट आहे. त्यांनी ताल सॅक्सोफोनच्या आत नेऊन बसवला. आणि तो तिथे टिकला तो वादकांच्या दमावर जेवढा, त्याहून जास्त चौघांतल्याच ज्युलियस हेम्फिल या रचनाकाराच्या लेखणीवर.

गट जमला 1976 च्या अखेरीस, न्यू ऑर्लिन्समध्ये. तिथल्या सदर्न युनिव्हर्सिटीत शिकवणारे सॅक्सोफोनवादक एडवर्ड ‘किड’ जॉर्डन यांनी न्यू यॉर्कमधल्या चौघांना कार्यक्रमासाठी बोलावलं: हेम्फिल आणि ऑलिव्हर लेक (अल्टो, वरच्या सुरांचा सॅक्सोफोन), डेव्हिड मरे (टेनर, त्याहून खालचा), हॅमिएट ब्लुइट (बॅरिटोन, चौघांत सगळ्यांत खालचा). मरे सगळ्यांत धाकटा, जेमतेम एकविशीचा, कॅलिफोर्नियातून आलेला. बाकीचे तिघे सेंट लुइसच्या ‘ब्लॅक आर्टिस्ट्स ग्रुप’चे. 1968 साली सुरू झालेल्या या संस्थेत वादक, नट, नर्तक, कवी, चित्रकार सगळे एकत्र काम करत. चार-पाच वर्षांत पैशाअभावी ती मिटली, पण ‘कोणी बोलावण्याची वाट बघू नका, आपलं आपण उभं करा’ ही सवय या तिघांच्या अंगी लागली. हेम्फिलने तर ‘म्बारी’ नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढून 1972 साली ‘डोगॉन ए. डी.’ हा अल्बम बाजारात आणला होता. शिवाय हे तिघे आणि सॅक्सोफोनवादक अँथनी ब्रॅक्सटन असे चार सॅक्सोफोन ब्रॅक्सटनच्याच ‘न्यू यॉर्क, फॉल 1974’ या अल्बममधल्या एका रचनेत एकत्र वाजले होते. म्हणजे कल्पना आभाळातून पडली नव्हती.

नावाचा किस्सा मजेशीर आहे. आधी त्यांनी ‘रिअल न्यू यॉर्क सॅक्सोफोन क्वार्टेट’ असं नाव घेतलं. ‘न्यू यॉर्क सॅक्सोफोन क्वार्टेट’ नावाचा गट आधीपासून होता, त्यांनी हरकत घेतली. मग शहर सोडलं आणि जग घेतलं!

चार सॅक्सोफोन एकत्र हे काही नवं नव्हतं. फ्रान्समध्ये मार्सेल म्यूल यांचं शास्त्रीय क्वार्टेट 1928 पासून होतं. जॅझमध्ये वुडी हर्मनच्या बँडने 1947 साली तीन टेनर आणि एक बॅरिटोन यांचा ‘फोर ब्रदर्स’ आवाज लोकप्रिय केला, पण त्या चौघांच्या पाठीशी अख्खा बँड होता. पाठ मोकळी ठेवून, तरीही पाय हलवायला लावेल असं जॅझ वाजवणं ही वेगळी गोष्ट.

ते कसं साधलं हे कळायला ब्लुइटचा बॅरिटोन ऐकावा. ‘हॅटी वॉल’ ही त्याची रचना पुढे गटाची ओळखच झाली. बॅरिटोनवर एक छोटी, ठसठशीत ओळ पुन्हा पुन्हा येते आणि बाकीचे तिघे तिच्या फटींत आपले सूर टाकतात. इथे एक साधी अडचण आहे. बासवाल्याला ओळ वाजवताना श्वास घ्यायला थांबावं लागत नाही, बॅरिटोनवाल्याला लागतं. म्हणजे ओळीत भोकं पडणार. या लोकांनी ती भोकं लपवली नाहीत; श्वासाची जागा हीच तालाची जागा केली, तिथे दुसरा कोणीतरी हजर असायचा. दिंडीत पखवाज क्षणभर थांबला तरी टाळकऱ्यांच्या पावलांत ठेका चालूच असतो, तसंच हे. चौघांपैकी कोणीही गप्प झाला तरी लय पडत नाही, कारण ती एकट्याकडे सोपवलेलीच नाही.

बॅरिटोन त्याआधी बहुतेक वेळा बँडच्या मागच्या रांगेत बसून वजन देणारं वाद्य होतं. ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ बँडमधला हॅरी कार्नी हा थोर अपवाद, आणि ब्लुइटने त्यालाच ऐकून हे वाद्य मनावर घेतलं. पण ब्लुइट खालून इंजिन चालवायचा आणि मनात आलं की अल्टोच्याही वर जाऊन किंचाळायचा. पुढे त्याने जवळजवळ सगळे बॅरिटोनवालेच असलेला एक गटही काढला. कुठलाही सॅक्सोफोन क्वार्टेट आज ऐका, बॅरिटोनवाल्याकडून जी अपेक्षा असते तिच्यात ब्लुइट असतोच.

आता हेम्फिल. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा, म्हणजे फ्री जॅझवाला सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन याच्याच गावचा. आइक टर्नरच्या रिदम अँड ब्लूज बँडमध्ये वाजवून आलेला. रचना चौघांच्याही असत, पण गटाचा खरा आवाज मला हेम्फिलच्या पानांवर सापडतो. त्याच्या मांडणीत सूर इतके जवळ ठेवलेले असतात की ते एकमेकांना घासतात, तरी ऐकणाऱ्याला चर्चमधल्या समूहगानाचीच आठवण येते. लिहिलेलं कुठे संपतं आणि सुचलेलं कुठे सुरू होतं याचा सांधा दिसत नाही. म्हणूनच 1977 चा, जर्मनीतल्या मोर्स महोत्सवात मुद्रित झालेला पहिला अल्बम मला कच्चा वाटतो. तिथे उत्साह भरपूर, लेखन कमी. नंतरचं ‘स्टेपिन’, ‘डब्ल्यू. एस. क्यू.’, ‘रिव्ह्यू’ आणि ‘लाइव्ह इन झ्युरिक’ ही खरी कमाई. आणि हे सगळं छापलं कोणी? मिलानच्या ‘ब्लॅक सेंट’ने. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय संगीताचा हा ठेवा इटालियन कंपनीमुळे टिकला, यावर वेगळं उत्तर लिहिता येईल.

1986 साली ‘नॉनसच’ या रेकॉर्ड कंपनीकडून एलिंग्टनच्या रचनांचा अल्बम आला, 1989 साली ‘रिदम अँड ब्लूज’. त्यात ओटिस रेडिंग आणि मार्व्हिन गे या सोल गायकांची गाणी. काही जुन्या रसिकांना ही तडजोड वाटते. मला उलट वाटतं: ज्या बँडांत हे लोक घडले तिथेच ते उघडपणे परत गेले.

साधारण 1990 च्या सुमारास हेम्फिल बाहेर पडला. त्याच्या जागी अल्टोवादक आर्थर ब्लाइथ आला, आणि ‘मेटामॉर्फोसिस’ या अल्बममध्ये आफ्रिकन ढोलवादक सोबत आले. पुढे रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या गाण्यांचा अल्बमही निघाला. वादन पट्टीचंच आहे, पण ड्रम परत आले की या गटाची गरजच थोडी कमी होते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. हेम्फिलने मात्र तोच धागा धरून सहा सॅक्सोफोनांचा गट केला. 1991 चा ‘फॅट मॅन अँड द हार्ड ब्लूज’ हा मी वर्ल्ड सॅक्सोफोन क्वार्टेटच्या उत्तम अल्बमांच्या रांगेत ठेवतो. त्यानंतरच्या ‘फाइव्ह कॉर्ड स्टड’मध्ये तब्येतीमुळे तो स्वतः वाजवतच नाही, फक्त लिहितो. 1995 साली तो गेला. त्याचे कागद न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीच्या संग्रहात आहेत आणि 2021 साली त्याच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा सात सीडींचा संच निघाला, तो मार्टी एर्लिक या त्याच्या सहकाऱ्याने सिद्ध केला. टिम बर्न हा त्याचा शिष्य तर स्वतःच मोठा रचनाकार झाला.

इतर क्वार्टेटांचं श्रेय देताना थोडं जपून बोलावं. सॅन फ्रान्सिस्कोकडचा ‘रोव्हा’ 1977 सालीच सुरू झाला, त्याची वाट वेगळी, युरोपीय आधुनिक संगीताकडे झुकणारी. त्याला यांची शाखा म्हणणं चूक. ‘ट्वेंटी-नाइन्थ स्ट्रीट सॅक्सोफोन क्वार्टेट’ मात्र यांनी रस्ता केला नसता तर इतका सहज चालला असता का, शंका आहे. जर्मनीत 1981 पासून ‘कोल्नर सॅक्सोफोन माफिया’ आहे. आज कॉलेजांतून असे गट सर्रास दिसतात. चार वाद्यं जमवणं सोपं आहे. हेम्फिलसारखं लिहिणारा पाचवा सापडत नाही, म्हणून त्यांतले बरेच तीन गाण्यांनंतर कंटाळा आणतात.

ऐकायचं असेल तर ‘रिव्ह्यू’पासून सुरुवात करा, मग ‘लाइव्ह इन झ्युरिक’. हेडफोन लावूनच ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर बॅरिटोनचे खालचे सूर नीट उतरत नाहीत, आणि ते गेले की वरचे तिघे अधांतरी वाटतात.