आधी बॅटरी आणा, मग किंमत विचारा

जुन्या रेकॉर्डींबद्दलची पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. बाकीची बरीचशी पहिल्या पत्राचीच भावंडं होती, तेव्हा त्या मंडळींनी पहिलं उत्तर आपलंच समजावं.

प्रश्न: वडील गेल्यानंतर माळ्यावर दीडशेच्या वर एलपी निघाल्या. एक तबकडी लाखो डॉलरना विकली गेल्याची बातमी वाचल्यापासून घरात कुजबुज सुरू आहे. आमच्याकडच्या सगळ्या पन्नास वर्षांहून जुन्या आहेत. अंदाजे किती येतील?

उत्तर: कुजबुजीवर पाणी टाकतोय, माफ करा. नुसत्या जुनेपणाला या बाजारात फारसं कुणी विचारत नाही. तुम्ही वाचलेली बातमी बहुधा बीटल्सच्या पांढऱ्या कव्हरच्या अल्बमची असणार. १९६८ साली तो निघाला तेव्हा कव्हरांवर अनुक्रमांक टाकलेले होते. त्यातली अगदी पहिली, ००००००१ क्रमांकाची प्रत त्यांचा ड्रमर रिंगो स्टार याच्याकडे होती. डिसेंबर २०१५ मध्ये ती लिलावात ७,९०,००० डॉलरना गेली. पैसे पडले ते त्या आकड्याचे आणि त्या मालकाचे. आतली गाणी तीच, जी लाखो घरांत वाजली. ज्या रेकॉर्डी घरोघरी गेल्या, त्या आजही घरोघरीच पडून आहेत. त्यांना भाव कुठून येणार?

तेव्हा खोक्याचा हिशेब करू नका, एकेक तबकडी हातात घ्या. कडेला आणि मधल्या लेबलला धरा, काळ्या भागाला बोट लागू देऊ नका. खोलीतला दिवा घालवा आणि बॅटरीचा झोत तिरका टाका. शेवटचं गाणं संपल्यावर सुई लेबलकडे सरकते ना, तो गुळगुळीत पट्टा बघा. तिथे बारीक अंक-अक्षरं कोरलेली किंवा ठोकलेली दिसतील. हा मॅट्रिक्स क्रमांक. तबकडी कोणत्या साच्यातून निघाली, पहिल्या खेपेची की नंतरच्या, हे त्यावरून कळतं. कव्हरवर विसंबू नका, ते दुसऱ्याच प्रतीचं असू शकतं. हातोहात फिरताना रेकॉर्डी कपडे बदलतात.

एक उदाहरण देतो, कारण माझी स्वतःची फजिती त्यात आहे. ब्लू नोट ही जॅझची अमेरिकन कंपनी. तिच्या रेकॉर्डी १९६६ पर्यंत प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्यात निघत. तो कारखाना त्या गुळगुळीत पट्ट्यात आपल्या नावाचा वळणदार ‘पी’ उमटवायचा. तो दिसतो कानासारखा, म्हणून संग्राहक त्याला कानच म्हणतात. पहिल्यांदा मी कान पाहिला तेव्हा तो ओरखडा समजून फडक्याने पुसत बसलो होतो! पुढे कंपनी विकली गेली, कारखाना बदलला, कान गेला. रुडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाच्या नावाची अक्षरं मात्र नंतरच्या बऱ्याच प्रतींवरही आहेत, म्हणजे आवाज त्याच माणसाच्या हातचा. तरीही कान असलेली प्रत आणि नसलेली प्रत यांच्या भावात कितीतरी पट फरक पडतो. याला वेड म्हणायचं तर म्हणा. मी त्याच वेडातला आहे.

क्रमांक मिळाला की डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या संकेतस्थळावर नेमकी तीच आवृत्ती शोधा. तिथे दोन प्रकारचे आकडे दिसतील: विकणारे मागतात ते, आणि आधी विकल्या गेलेल्या प्रतींना खरोखर मिळाले ते. फक्त दुसरे बघा. मागायला कुणाच्या बापाचं काय जातं!

प्रश्न: ‘व्हेरी गुड’ असं लिहिलेली रेकॉर्ड मागवली. वाजवली तर नुसती तडतड. विकणाऱ्याने फसवलं का?

उत्तर: नसावं. या धंद्यातला ‘व्हेरी गुड’ म्हणजे प्रगतिपुस्तकातला ‘बरा’. गोल्डमाइन या अमेरिकन मासिकाच्या श्रेणी जगभर चालतात. वरून मोजायचं तर मिंट, नियर मिंट, व्हेरी गुड प्लस, मग कुठे व्हेरी गुड, आणि त्याखाली गुड. ‘गुड’ म्हणजे वाजते एवढंच. ढोबळ हिशेब असा की नियर मिंटला जो भाव, त्याच्या निम्मा व्हेरी गुड प्लसला आणि साधारण पाव व्हेरी गुडला. तुम्ही पाव भाव दिला असेल तर तडतड सौद्यातच होती. पूर्ण भाव दिला असेल तर मात्र भांडा.

पुढच्या वेळी विकणाऱ्याला एवढंच विचारा: वाजवून श्रेणी दिलीत की नुसती बघून? डोळ्याला चकचकीत दिसणारी तबकडी जड, झिजलेल्या पिनेने आतून खरवडलेली असू शकते. उलट, उजेडात भयानक दिसणाऱ्या केसासारख्या रेघा पुष्कळदा ऐकूही येत नाहीत. नखाला लागतो तो ओरखडा सुईलाही लागतो. एलपीचे मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे दर १.८ सेकंदांना एक ‘टक्’. एकदा कानात बसला की गाणं सोडून माणूस तोच मोजत राहतो.

प्रश्न: आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या जाड तबकड्या आहेत. फार मळल्यात. स्पिरिटने पुसल्या तर चालतील का?

उत्तर: नाही! बाटली खाली ठेवा. या तबकड्या एलपीसारख्या विनाइल प्लास्टिकच्या नाहीत. त्यात लाख असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. विनाइलच्या स्वच्छतेला मी जे द्रावण वापरायचो, तेच एकदा घाईत अशा तबकडीवर फिरवलं. फडकं काळंभोर झालं. मला वाटलं, काय मळ निघतोय! ती तबकडीच निघत होती. मऊ ब्रश, थोडं शुद्ध पाणी आणि लगेच कोरडं करणं, एवढंच पुरे, आणि कागदी लेबल ओलं होऊ देऊ नका. एलपीच्या सुईने त्या वाजवूही नका. ७८ च्या खाचा कितीतरी रुंद, त्यात ती बारीक सुई तळाशी घरंगळत राहते. त्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते.

भावाचं विचाराल तर तेच पुराण. गाजलेल्या वाद्यवृंदांच्या ७८ ढिगाने मिळतात. भाव आहे तो कमी खपलेल्यांना, आणि त्यात अमेरिकन ब्लूजचा मान मोठा. पॅरामाउंट नावाची कंपनी विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याने काढली होती. तिचा माल हलका, आवाज खरखरीत, आणि खप मंदीत साफ झोपलेला. नेमक्या म्हणूनच तिच्या शेवटच्या वर्षांतल्या कित्येक तबकड्यांच्या प्रती आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. ब्लूज गायक टॉमी जॉन्सनची तशी एक तबकडी २०१३ साली ३७,१०० डॉलरना गेली.

प्रश्न: कव्हरच्या कडा उसवल्यात. चिकटपट्टी लावू का? आणि वर चिकटवलेली किमतीची चिठ्ठी सोलून काढू का?

उत्तर: दोन्ही नको. पट्टी काही वर्षांनी पिवळी पडते आणि सुटताना छपाई घेऊन जाते. उसवलेली कड खपते, पट्टीची कड खपत नाही. रेकॉर्ड वेगळ्या आतल्या पिशवीत ठेवा, वरून प्लास्टिकचं वेष्टन घाला आणि उभी ठेवा.

सोलण्याची खाज असलेल्यांसाठी १९६६ ची गोष्ट. बीटल्सच्या एका अमेरिकन अल्बमच्या कव्हरवर खाटकाच्या पांढऱ्या कोटातले चौघे, मांसाचे तुकडे आणि मोडक्या बाहुल्या होत्या. दुकानदार बिथरले, कंपनीने माल परत मागवला आणि पुष्कळशा कव्हरांवर नवं, सभ्य चित्र चिकटवून तो पुन्हा विकायला काढला. पुढे बातमी फुटली तशी लोकांनी वाफेवर धरून, नखांनी खरवडून वरचं चित्र काढायचा सपाटा लावला. आता गंमत बघा: न चिकटवलेली प्रत सगळ्यात महाग, पण वरचं चित्र जागेवर असलेली प्रतही वाईट सोललेलीपेक्षा जास्त भाव खाते.

प्रश्न: साठच्या दशकातली सीलबंद एलपी मिळते आहे. घेऊ?

उत्तर: मागची बाजू बघा. बारकोड असेल तर ती प्रत साठच्या दशकातली नाही, विषय संपला. नसेल तरी प्लास्टिक नंतर चढवता येतं, त्याची यंत्रं मिळतात. शिवाय ते आवळलं गेलं की आत तबकडी वाकते. आत नेमकं काय आहे हे फोडल्याशिवाय कळत नाही, आणि फोडली की सीलबंदचा भाव गेला. माझ्याकडे अशी एक अकरा वर्षं आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत मी ती खाली काढतो, कानाजवळ नेऊन हलवतो आणि परत ठेवतो.