जानेवारीत जैसलमेरच्या वाळूत भर दुपारी पोर्ट्रेट काढायचे आहेत. प्रॉप म्हणून मोठा आरसा कसा राहील?

आरसा न्या. फक्त त्यातून चेहऱ्यावर सूर्य मारू नका, आकाश मारा. बाकीचं उत्तर लांबलचक आहे, कारण यातलं बरंचसं मला एका पत्र्याच्या कूलरने शिकवलं.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, लग्नाचं शूटिंग करतो. माझे मामा तालुक्याच्या गावी कूलर बनवतात. मार्च लागला की पत्रा कापायचा, ताट्या भरायच्या, जुन्यांचे पंप बदलायचे. आमच्याकडे घरोघरी असलेल्या या धुडाला दुकानदार ‘डेझर्ट कूलर’ म्हणतात. त्यावरूनच डोक्यात आलं की नांगरलेल्या काळ्या वावराच्या मधोमध मामा आणि त्यांचा कोरा कूलर, बाकी काहीच नाही, असा फोटो काढावा. मामा म्हणाले, “वावरात कूलर? अन् लाइन कुठून आणशीन बे त्याले?” पण आले. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून आले.

मेचा तिसरा आठवडा, वेळ साडेबाराची. याहून वाईट मुहूर्त मला शोधूनही सापडला नसता. आमच्या अक्षांशावर त्या दिवसांत सूर्य अगदी डोक्यावरून जातो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच, नागपुरात २६ मेच्या आसपास येतो. पहिल्या वीस-पंचवीस फोटोंत मामांच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, नाकाची सावली मिशीत, आणि पत्रा पांढराफटक. पोलरायझर लावला, पत्र्यावर ढिम्म परिणाम नाही. तो पाण्यावरची, काचेवरची, पानांवरची चमक कापतो, उघड्या धातूवरची नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी फिल्टर गोल गोल फिरवत बसलो, तेवढ्यात मामा पत्र्याला टेकले. मग त्यांनी माझ्या खानदानाचा जो उद्धार केला तो इथे लिहीत नाही (त्यात ते स्वतःही येतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही).

धुऱ्यावरच्या कडूनिंबाखाली दोन पोट्टे आडवे झाले होते, त्यांना उठवलं. एक धोतर चारी कोपऱ्यांना ताणून मामांच्या डोक्यावर धरायला लावलं, चौकटीच्या जरा वर. पांढऱ्या एकेरी कापडाने उजेड एक-दीड स्टॉप कमी होतो (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा, वर म्हणजे दुप्पट), पण खरा फायदा वेगळा: एवढुशा सूर्याच्या जागी चार हातांचं मऊ आभाळ तयार होतं. मग कूलरचं बाजूचं दार काढलं, ते पट्ट्यापट्ट्यांचं पत्र्याचं, आणि मामांच्या कमरेच्या उंचीवर तिरपं धरलं. पट्ट्यांमुळे उजेड फुटून पसरला आणि खालून डोळ्यांत शिरला. डोळे दिसले! कूलर नुसता शोभेला न राहता कामाला लागला. तेव्हापासून कुणी वेगळ्या प्रॉपचं नाव काढलं की मी आधी विचारतो, हा सावली देतो, उजेड परतवतो की काहीच करत नाही? काहीच न करणारी वस्तू कडक उन्हात आणखी एक जळका पांढरा डाग होऊन बसते. जुनी सुटकेस, गिटार, फुगे हे सगळं पाहून झालंय. त्यापेक्षा सुतळीची बाज उभी करा. तिच्या विणीतून चेहऱ्यावर पडणारी जाळी मला हजार रुपयांच्या प्रॉपहून आवडते. एकच अट, एक डोळा तरी उजेडाच्या ठिपक्यात हवा.

आता तुमचं वाळवंट. एका प्री-वेडिंगसाठी मी समच्या वाळूत जाऊन आलोय, जैसलमेरपासून साधारण ४० किलोमीटर. तुम्ही घाबरलात तेवढं ते अवघड नाही, निदान जानेवारीत तरी. जैसलमेर २७ अंशांच्या जवळ, म्हणजे कर्कवृत्ताच्या वर आहे, तिथे सूर्य वर्षभरात कधीच ठीक माथ्यावर येत नाही. जानेवारीच्या मध्याला तर ऐन मध्यान्हीसुद्धा तो ४२ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे सावली माणसाहून थोडी लांबच. आमच्याकडे मेमध्ये असलं ऊन दुपारी तीननंतर मिळतं! शिवाय जैसलमेर इतकं पश्चिमेला आहे की त्या दिवसांत सूर्य सर्वांत वर येतो तो घड्याळात एक वाजायला पाच-सात मिनिटं असताना. तेव्हा घड्याळ पाहू नका, सावली पाहा. ती उंचीच्या निम्म्याहून आखूड झाली तरच धोतर लागेल. नाहीतर माणसाला सूर्याकडे पाठ करून उभं करा, केसांना उजळ कड मिळेल आणि चेहरा सावलीत राहील.

सावलीतला चेहरा काळा पडेल, ही तुमची पुढची शंका असणार. वावरात पडतो, कारण आमची काळी माती उजेड गिळते, फार तर दहावा हिस्सा परत देते. मामांच्या वेळी खाली आणखी एक पांढरी चादर अंथरावी लागली होती. कोरडी वाळू मात्र पडलेल्या उजेडाचा तिसरा हिस्सा तरी वर फेकते. तुम्ही एका अवाढव्य पिवळसर रिफ्लेक्टरवर उभे असता, वेगळा विकत घेऊ नका. त्या पिवळेपणामुळे हनुवटीखालची कातडी हळद लागल्यासारखी दिसते, म्हणून रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि रंग नंतर सावरा.

कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर दोन्हीकडे फसवतं, पण उलट दिशांनी. काळं वावर पाहून ते फोटो उजळवतं आणि चेहरा जाळतं. पांढुरकी वाळू पाहून अंधारवतं. वाळूत एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वर न्या, किंवा स्पॉट मीटर (एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणारं) चेहऱ्यावर धरा. हाताने सेट करणार असाल तर कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ (लेन्सचं छिद्र, आकडा लहान तेवढं ते मोठं) आणि शटर १/१०० सेकंद हा जुना हिशोब अजून चालतो. तोच एफ/२.८ ला १/३२०० होतो. मागचं धूसर करायला एफ/१.८ ची हौस असेल तर १/८००० लागेल, आणि बरेच साधे कॅमेरे १/४००० ला थांबतात. तिथे एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा नाहीतर हौस आवरा. फ्लॅशचं म्हणाल तर सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारं सर्वांत जलद शटर, १/२०० च्या आसपास, म्हणजे एफ/११. तिथे कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश दोन-चार हातांपलीकडे केविलवाणा होतो. मी तो बॅगेतून काढलाच नाही.

राहिला आरसा. सपाट आरसा ऊन मऊ करत नाही, जसंच्या तसं दुसरीकडे पाठवतो. म्हणजे समोर दुसरा सूर्य. तो डोळ्यांवर धरलात तर माणूस मिचमिचेल, आणि ते डोळ्यांना चांगलंही नाही. तो तिरपा करून त्यात उत्तरेचं निळं आकाश भरा आणि माणसाच्या हातात द्या. पिवळ्या वाळूत आकाशाचा एक तुकडा धरलेला माणूस, चित्र म्हणूनही ते भारी दिसतं. ऊन मारायचंच असेल तर मागून, केसांवर किंवा खांद्यावर. आणि तुम्ही आरशाच्या समोर उभे राहू नका, बाजूला सरका, नाहीतर वाळवंटात बसलेले तुम्हीच दिसाल. समोर ऊन असताना डोळे उघडे हवे असतील तर मिटून घ्यायला सांगा, तीन मोजा, तिनाला उघडायला सांगा, पहिल्या अर्ध्या सेकंदातच क्लिक करा. मामांवर हे सातव्या खेपेला जमलं.

लेन्स वाळूत बदलू नका. आरसा नेताना गोधडीत गुंडाळा, आणि काम झालं की पालथा ठेवा.

मामांना मी धोतराखालचा, डोळे दिसणारा फोटो मोठा करून फ्रेममध्ये दिला. तो घरात आहे. दुकानात त्यांनी लावलाय तो पहिल्या वीसांतला, खड्ड्यांचे डोळेवाला. विचारलं तर म्हणाले, “घरच्या फोटोत माह्या कूलरचं दारच नाही बे.”